पाद्र्यांचा वाडा आणि आमचं कुलूप

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय चालू आहे: वाईजवळच्या गावातल्या वाड्याचं काय करायचं? धाकटे काका म्हणतात, माडी कधीही कोसळेल, बिल्डरला देऊन मोकळे होऊ. आत्या म्हणते, पूर्वजांची वास्तू आहे, कुणी हात लावायचा नाही. मी नॉर्वेत बसून वाचते आणि मला राहून राहून रिंगेबू आठवतं.

लिलहामरच्या उत्तरेला, गुदब्रान्सदालेनच्या खोऱ्यातलं हे गाव. तिथलं लाकडी चर्च साधारण 1220 चं, लाल मनोऱ्याचं. त्याच्या जवळच पाद्र्यांचा जुना वाडा आहे, इकडच्या भाषेत ‘प्रेस्टेगार्ड’. मुख्य घर 1743 चं. आता तिथे पाद्री राहत नाहीत; उन्हाळ्यात चित्रांची प्रदर्शनं भरतात. शिवाय याकोब वाइडेमान (1923–2001) या चित्रकाराची चित्रं तिथे आहेत. महायुद्धाच्या काळात स्फोटात त्याचा एक डोळा गेला. पुढे तो रानातली जमीन रंगवण्यासाठी नावाजला गेला.

मी जुलैत गेले होते. फळ्यांची जमीन पावलागणिक करकरत होती. वाइडेमानच्या एका चित्रापुढे बराच वेळ उभी राहिले. झाडं नाहीत, आकाश नाही. शेवाळ, कुजकी पानं, ओली माती, सगळं रंगाच्या जाड थरांत. शेजारच्या खोलीत गावातले एक आजोबा चित्रांपेक्षा खिडकीकडेच जास्त बघत होते. म्हणाले, लहानपणी धर्मशिक्षणाला याच खोलीत यायचो, तेव्हा बसायची जागा या खिडकीपाशी होती.

मला वाटतं, वाडा जपणं म्हणजे हेच. गावातल्या माणसाला आत यायला कारण हवं.

इथेही सगळं आलबेल नाही. पाद्र्यांनी नेमून दिलेल्या घरातच राहायची सक्ती 2015 मध्ये उठली. असे कितीतरी वाडे विकलेही गेले. आणि मोठा फरक हा की इथे निर्णय घ्यायला भाऊबंदकी आड येत नाही. आमच्या घराच्या उताऱ्यावर चौदा नावं आहेत; एक सही राहिली तरी सगळं अडतं. हे काकांचं म्हणणं मला पटतं.

पण ‘खेड्यात चित्रं बघायला कोण येणार?’ हे पटत नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात, औंधला, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प खटाव तालुक्यातल्या त्या गावात आहे. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं, मुंबईची एकही गॅलरी पाहण्याच्या कितीतरी आधी.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: विकायचं की नाही ते पुढच्या वर्षी ठरवू. यंदा पावसाआधी कौलं चाळून घेऊ, खर्च मी पाठवते. माडी बंदच राहू दे. ओसरी आणि पुढचा चौक दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उघडा ठेवू. गावच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारू, मुलांची चित्रं लावाल का.

काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. आत्यानं मात्र विचारलं, किल्ली कुणाकडे आहे?