स्टेटसला बुद्ध, कमेंटमध्ये शिव्या
ध्यानाच्या अ‍ॅपवरच्या एका लेखात म्हटलंय, अ‍ॅप लावून रोज थोडं ध्यान केलं की मनात करुणा येते, पटलं नाही बुवा. आमच्या मुरूडकडे ग्रुपवर सकाळी बुद्धाचा फोटो टाकणारेच, पावसात एकाची होडी उलटली तर लिहितात 'मासेमारीला बंदी असताना मरायला गेलाच कशाला', त्याच्या घरी चूल पेटली का ते कोण विचारत नाय. ध्यान वाईट नाही हो, पण बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक समाधीबरोबर (म्हणजे ध्यान) सम्यक वाचा, म्हणजे नीट बोलणं पण आहे ना, ती हे अ‍ॅपवाले सोयीनं गाळतात. जवळच कुड्याची जुनी बौद्ध लेणी, तिथल्या शिलालेखांत माळी, वैद्य अशा वेगवेगळ्या कामाच्या लोकांनी दान दिल्याचं कोरलंय. आमची पोरं तिथं जाऊन रील काढतात आणि त्या रीलखालच्या कमेंटमध्ये परत जातीवरून भांडणं चालू.