रिकामी टॉमीगन

मन्या ह्यूस्टनहून सुट्टीवर आला की कट्ट्याला चॉकलेटं आणि एखादा व्हिडिओ मिळतोच. यंदाचा व्हिडिओ जेमतेम मिनिटभराचा. कानांवर टोपणं, डोळ्यांना चष्मा, पोट आत ओढलेलं, आणि खांद्याला लाकडी दस्त्याची थॉम्प्सन, म्हणजेच टॉमीगन. पैसे भरले की तिथल्या रेंजवर अशी बंदूक तासाच्या बोलीवर चालवायला मिळते म्हणे.

"अल् कपोनची बंदूक!" मन्या म्हणाला. कपोन म्हणजे शिकागोचा तो नामचीन गुंड.

एवढ्यावरून ठिणगी पडली. आमच्या माणगावच्या कट्ट्यावर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार बसतात, हे मन्या दोन वर्षांत विसरला होता.

"कपोनची कशी?" सुभेदार म्हणाले. "त्याने बनवली का?"

बनवली नव्हतीच. इथे जोशी सरांनी चहा खाली ठेवला, म्हणजे आता तास सुरू. जनरल जॉन थॉम्प्सन हा अमेरिकेच्या लष्करातला दारूगोळा खात्याचा माणूस. पहिल्या महायुद्धात माणसं खंदकात अडकून पडली होती. खंदक झाडून काढायला एका माणसाला पेलेल असा झाडू हवा, ही त्याची कल्पना. पिस्तुलाची .45ची गोळी, पण मशीनगनसारखी सटासट. 'सबमशीनगन' हा शब्दही त्याच्याच कंपनीने रुळवला. नमुने तयार होईपर्यंत 1918 उजाडलं आणि युद्धच संपलं.

"म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावर बँडवाले आले," नंदू म्हणाला.

बँडवाले आले ते आले, वर वाद्यंही भरपूर घेऊन आले. 1921 मध्ये कोल्ट कारखान्याकडून 15,000 बंदुका करून घेतल्या. किंमत 200 डॉलर. त्या वेळी फोर्डची नवी गाडी चारशेच्या आतबाहेर मिळायची. लष्कर घेईना, पोलीस थोड्या घेत. आयर्लंडच्या क्रांतिकारकांनी मागवल्या, तर त्यातल्या 495 न्यूजर्सीच्या होबोकेन बंदरात जहाजावरच पकडल्या गेल्या. 1939 साल आलं तरी हजारो थॉम्प्सन गोदामात पडून होत्या.

"आणि नाव झालं ते कोणामुळे?" मन्या हटेना. "1929, व्हॅलेंटाइन डे, शिकागो. गॅरेजमध्ये सात माणसं भिंतीला लावून मारली, दोन थॉम्प्सन वापरून. त्यानंतर ही बंदूक जगाला कळली. जाहिरात कोणी केली, सांगा!"

हे खरं आहे, आणि सुभेदारांना ते सर्वात जास्त बोचलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या दोन बंदुका त्याच वर्षी डिसेंबरात मिशिगनमधल्या एका गुंडाच्या घरात सापडल्या. कॅल्विन गोडार्ड नावाच्या तज्ज्ञाने गोळ्यांवरच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून त्याच त्या बंदुका, असं दाखवून दिलं. त्या अजूनही तिथल्या बेरियन काउंटीच्या शेरीफच्या ताब्यात आहेत. शंभरी गाठत आलेला मुद्देमाल! आमच्याकडे चोरीची सायकल परत मिळाली तरी तिची घंटी गायब असते.

"बरं, बंदूक म्हणून कशी आहे ती?" नंदूने विचारलं. नंदूचं गॅरेज आहे, त्याला फक्त आतलं कळायला हवं असतं.

यावर मन्या आणि सुभेदार यांचं प्रथमच एकमत झालं: जड. रिकामी असताना पावणेपाच किलोच्या आसपास. पन्नास गोळ्यांचं गोल डबडं लावलं की त्याहून जड, आणि चालताना आत गोळ्या खडखडतात. त्या डबड्याला घड्याळासारखी चावी द्यावी लागते.

"आम्ही इंग्रजांची स्टेनगन पाहिली, मग कानपूरची नऊ एमएमची कार्बाइन वापरली," सुभेदार म्हणाले. "तिचं मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, डाव्या बाजूला आडवं. म्हणजे माणूस जमिनीला चिकटून पडू शकतो. यात बघ, तीस गोळ्यांचं लांबडं खाली लोंबतंय. पालथं पडायचं तर डोकं तेवढं वर काढायचं. ज्याला समोरून गोळ्या येत नाहीत त्याने काढलेलं डिझाइन."

नंदूला खरी मजा वाटली ती ब्लिशच्या तुकड्याची. जॉन ब्लिश या नौदलातल्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की दोन वेगळे धातू प्रचंड दाबाखाली एकमेकांना क्षणभर धरून ठेवतात. त्यावर विसंबून बंदुकीत इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा कांस्याचा तुकडा बसवला. तेवढ्यासाठी केवढी ती घासकाम-घडणावळ! युद्धात बंदुका लाखांनी हव्या झाल्या तेव्हा सॅव्हेज कंपनीच्या लोकांनी तो तुकडाच काढून टाकला आणि साधा, मागेपुढे सरकणारा जड बोल्ट घातला. बंदूक पहिल्यासारखीच चालली.

"म्हणजे ताईतच की!" नंदू खुश. "गाडी आपली पेट्रोलवर पळत होती आणि श्रेय लिंबू-मिरचीला."

तो ताईत काढला, गोल डबड्याची सोय काढली, नळी थंड ठेवणाऱ्या तिच्यावरच्या पाकळ्या काढल्या. दोनशेची बंदूक युद्ध संपत आलं तेव्हा पंचेचाळीस डॉलरवर उतरली. तरीही इंग्रजांची स्टेन दहा-अकरा डॉलरांत पडायची. सगळ्या मिळून थॉम्प्सन पंधरा लाखांच्या पुढे बनल्या, आणि जिच्यासाठी जनरलने आयुष्य घातलं ती मागणी नीट सुरू होते न होते तोच, 1940 मध्ये, तो वारला.

"आता भाव किती?" मी विचारलं.

"खरी, चालू स्थितीतली, कागदपत्रांसकट? वीस-पंचवीस हजार डॉलरच्या पुढेच बोला. 1921ची कोल्ट असेल तर कितीतरी वर."

"वीस लाख? जुन्या बंदुकीला?"

मन्याने समजावलं ते असं. 1934च्या कायद्याने तिकडे मशीनगनची नोंदणी आणि 200 डॉलर कर आला. म्हणजे बंदुकीइतकाच कर. मग 1986 च्या मे महिन्यात नवीन मशीनगन सामान्य माणसाच्या नावावर नोंदवणंच बंद. आधी नोंदलेल्या तेवढ्याच फिरत राहणार. पुरवठ्याला कुलूप, त्यामुळे शौकीन मंडळी बंदुकीत जमिनीसारखा पैसा घालतात. क्रमांक जुळतात का, पॉलिश मूळचं आहे का, दस्ता नंतर बदललाय का, यावर हजारोंचा फरक. ज्यांना परवडत नाही ते एकेक गोळी उडवणारी नवी नक्कल घेतात. कायद्यात बसावी म्हणून तिची नळी लांब केलेली असते. मन्याच्या मते ती नळी पाहिली की रया जाते.

"आपल्याकडे असली वस्तू नुसती घरात सापडली तरी आत," जोशी सर म्हणाले. "प्रतिबंधित शस्त्र."

"आणि तिकडे ती कपाटात ठेवून करायचं काय?" सुभेदार.

"इतिहास जपायचा, काका."

"कोणाचा? त्या गॅरेजवाल्याचा?"

मग ते उठून उभेच राहिले. त्यांनी सांगितलं ते आम्ही शाळेत असल्यापासून ऐकलंय, पण टॉमीगन या शब्दापाशी आम्ही कधी थांबलो नव्हतो. नाईक यशवंत घाडगे, आपल्या तालुक्यातल्या पळसगावचे. वय बावीस. 10 जुलै 1944, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, त्यांच्याशिवाय कोणी उभं राहिलं नाही. ते एकटेच धावून गेले. आधी बॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग शत्रूच्या नेमबाजाने त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

"पावणेपाच किलो," नंदू हळूच म्हणाला.

कोणी काही बोललं नाही. चहावाल्याने उगाच ग्लास गोळा केले.

"तुझा तो व्हिडिओ लाव परत," सुभेदार मन्याला म्हणाले.

मन्याने लावला. धडधड झाली, तीन सेकंदांच्या आत संपली. पुढे व्हिडिओत मन्या वाकून बघतोय, अंगठ्याने खटका शोधतोय, रिकामं मॅगझीन ओढतोय, ते अडकलंय, कोणीतरी हसतंय. दुसरं मॅगझीन उलटं लागतंय. सुभेदार ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होते. मॅगझीन खट् करून बसलं तेव्हा ते एकोणीसवर होते.