वेदना कमी करायला शिकलेला डॉक्टर तालुक्याला कधी मिळणार?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठा वाद झाला. चुलतभावानं लिहिलं, "मी लिव्हिंग विल करून ठेवणार. शेवटी मला नळ्या लावून ठेवू नका." लिव्हिंग विल म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. आत्या चिडल्या. "ही अमेरिकेची खुळं आहेत. तिकडं म्हाताऱ्यांना हॉस्पिसमध्ये नेऊन टाकतात. आपल्याकडं घरात माणसं आहेत." मग सगळे माझ्याकडं वळले, कारण माझा पेशाच तो. अमेरिकेत ओहायोत मी पॅलिएटिव्ह मेडिसिनची, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करण्याच्या शाखेची डॉक्टर आहे. ग्रुपवर चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून इथं लिहितेय.

आधी आत्यांना. इथं हॉस्पिस म्हणजे बहुतेक वेळा इमारत नसते, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णासाठी घरी येणारी सेवा असते. मेडिकेअर, म्हणजे इथला वृद्धांचा सरकारी विमा, 1982च्या कायद्यापासून तिचा खर्च देतो. अट अशी, की आजार आपल्या गतीनं गेला तर सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं आणि त्या आजारावरचे बरं करण्याचे उपचार सोडायचे. नर्स आठवड्यातून दोन-तीनदा येते. बाकीचे दिवस आणि सगळ्या रात्री घरच्यांच्या. माझ्या एका रुग्णाच्या घरी त्या रात्री त्याच्या 82 वर्षांच्या बायकोच्या वाट्याला आल्या होत्या. थरथरत्या हातानं ती मॉर्फिनचे, म्हणजे वेदना थांबवणाऱ्या औषधाचे थेंब मोजायची. तेव्हा मला आमचं तासगावचं घर आठवायचं, शेजारच्या काकू, पेज घेऊन येणारी वहिनी. आत्या म्हणतात ते खोटं नाही.

पण त्या घरात अण्णा कसे गेले, हेही मला आठवतं. अण्णा म्हणजे माझे मोठे काका. आयुष्यभर तंबाखू खाल्ली, मग तोंडाचा कॅन्सर झाला. 2009 साल होतं, मी इंटर्नशिप करत होते. "आता घरी न्या, सेवा करा," असं एका मोठ्या इस्पितळातून सांगितलं. सेवेला माणसं भरपूर होती. रात्रभर कुणीतरी उशाशी बसायचं. अण्णा उशी दातात धरून कण्हायचे. मी मॉर्फिनचं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "व्यसन लागेल, आणि आमच्याकडं ठेवतही नाही." मी डॉक्टर होत आले होते, पण मॉर्फिन किती द्यायचं, किती तासांनी द्यायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दहा-बारा माणसांचं घर, आणि एका माणसाची वेदना थांबवता येईना.

वेदना थांबवणं ही माया नाही, विद्या आहे. ती मी पुढं इथं शिकले. तीन वर्षांची मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळात काम करत घेतलेलं प्रशिक्षण, मग याच शाखेची एक वर्षाची फेलोशिप. अमेरिकेनं 2006 साली या शाखेला स्वतंत्र मान्यता दिली. ब्रिटननं तर 1987 सालीच दिली होती, लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडल्यावर वीस वर्षांनी. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, पैशाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनीच मांडलं. म्हणून आमच्या टीममध्ये डॉक्टर-नर्सबरोबर सोशल वर्कर आणि धर्मोपदेशकही असतो.

फेलोशिपमध्ये औषधं तर शिकलेच. मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासांनी, आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ राहण्याचं औषध. धाप लागली असेल तर तेच मॉर्फिन अगदी कमी मात्रेत. पण सगळ्यात अवघड होतं ते बोलणं. पहिल्याच आठवड्यात एका कुटुंबाशी बोलून बाहेर आले, तर सरांनी विचारलं, "आत वीस मिनिटं होतीस. त्यातली किती मिनिटं तू बोललीस?" मी जवळजवळ सगळी बोलले होते. पुढं वर्षभर खुर्ची ओढून बसायला आणि गप्प राहायला शिकले. "तुम्हाला आजाराबद्दल काय समजलंय?" हा पहिला प्रश्न. "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, की घरच्यांपैकी कुणाशी बोलू?" हा दुसरा.

हा दुसरा प्रश्न आपल्याकडं फार उपयोगी पडेल. ओपीडीच्या दारात मुलगा डॉक्टरांना गाठून सांगतो, "बाबांना काही सांगू नका हं." आत बाबांना सगळं कळलेलं असतं आणि तेही मुलासाठी गप्प असतात. इथले काही डॉक्टर उलटं करतात, रुग्णाच्या तोंडावर सगळं सांगून मोकळे होतात. तेही मला क्रूर वाटतं. किती ऐकायचं हे रुग्णालाच विचारावं, हा मार्ग दोन्हीकडं चालतो, पण विचारायचं कसं ते शिकावं लागतं.

आता लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. मुंबईत केईएममध्ये 42 वर्षं पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यापासून महाराष्ट्रात हा विषय निघाला की चर्चा इच्छामरणावरच येऊन थांबते. चुलतभावानं कागद जरूर करावा. पण उद्या आयसीयूच्या बाहेर त्या कागदावर निर्णय घेणाऱ्या दोन वैद्यकीय मंडळांत असं बोलणं शिकलेला एक तरी डॉक्टर असेल का? आणि नळ्या काढल्यावर पुढच्या तासांत त्याला धाप लागू नये म्हणून काय द्यायचं, ते कोण बघणार? न लावण्याचा हक्क मिळाला, पण त्रास न होता जाण्याची सोय झालेली नाही. आपण वाद पहिल्याचा घालतो. मला राग येतो तो याचा.

शिवाय हा विषय फक्त शेवटच्या दिवसांचा नाही. 2010 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांना निदानापासूनच कॅन्सरच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांना बरं तर वाटलंच, आणि शेवटी आक्रमक उपचार कमी होऊनही ते जास्त जगले: त्यांच्यातले निम्मे रुग्ण 11.6 महिन्यांपेक्षा जास्त जगले, इतरांमध्ये हा आकडा 8.9 महिने.

म्हणून अमेरिकेची नक्कल करावी असं मात्र मी म्हणणार नाही. इथं 2012 नंतर फेलोशिप केल्याशिवाय या शाखेची परीक्षाच देता येत नाही. पन्नाशीचा अनुभवी फॅमिली डॉक्टर घरदार, दवाखाना सोडून वर्षभर फेलोच्या पगारावर कसा राबेल? बहुतेक जण येत नाहीत. प्रशिक्षणाला पैसा देणारं विधेयक इथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहात 2018 आणि 2019 मध्ये मंजूर झालं आणि दोन्ही वेळा पुढं अडकलं.

आपल्याकडं बी नाही असं नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून, टाटा मेमोरियलमध्ये या विषयात एम.डी. होते. ते तज्ज्ञ हवेतच, शिकवायला. पण तासगावला एम.डी. झालेला तज्ज्ञ येईपर्यंत किती अण्णा जातील? मला केरळचा रस्ता पटतो. 1993 मध्ये कोळिकोडला सुरुवात झाली, डॉक्टर-नर्ससाठी काही आठवड्यांचे कोर्स, गल्लीतले स्वयंसेवक, आणि 2008 मध्ये राज्याचं धोरण. आत्या म्हणतात ती घरची माणसं तिथं एकटी पडली नाहीत. आणि घरची माणसं म्हणजे शेवटी सून किंवा लेक, हेही कुणीतरी म्हणायला हवं. अण्णांच्या वेळी वहिनीनं तीन महिने धड झोप काढली नव्हती.

मॉर्फिनचा कायदाही 2014 मध्ये सैल झाला. पूर्वी लागणारे अनेक परवाने गेले, मान्यताप्राप्त संस्थेला औषध ठेवता येतं. मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसोरच्या शेतांत पिकते. आता अडलंय ते लिहून द्यायला न घाबरणाऱ्या डॉक्टरापाशी.

डिसेंबरात मी गावी येतेय. तालुक्यातल्या डॉक्टरांनी एक दुपार दिली तर मॉर्फिनचा डोस कसा बसवायचा, संस्थेची मान्यता कुठं मागायची, आणि "त्यांना काही सांगू नका" म्हणणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, यावर बसू. आत्यांनाही बोलावणार आहे. अण्णांच्या त्या रात्री त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात.