‘झीरो व्हीओसी’ लावला की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भिंतींच्या रंगांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भिंतींना चुना-माती लावण्याचं वेड ही हौशी लोकांची चैन आहे, ‘झीरो व्हीओसी’ (म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगं, व्हीओसी, नसलेलं) इमल्शन, म्हणजे पाण्यातला तयार रंग, मिळत असताना पुसताही न येणारी भिंत कशाला हवी, आणि ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हा निव्वळ भाबडेपणा आहे.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नैसर्गिक रंगांतलं जवसाचं तेल सुकताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि हेक्झानलसारखी अल्डिहाइड्स, म्हणजे उग्र वासाची रसायनं, सोडतं. अशा रंगांत द्रावक म्हणून वापरलं जाणारं, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ओझोनच्या संपर्कात आलं की फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो. ओल्या चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो, चष्मा आणि हातमोज्यांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. पण हाच संशय तुम्ही ‘झीरो’च्या शिक्क्यावर का घेत नाही?

तो आकडा डब्यातल्या रंगाचा असतो, खोलीतल्या हवेचा नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार व्हीओसी म्हणजे २५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळणारी सेंद्रिय संयुगं. त्याहून थोड्या वरच्या तापमानाला उकळणारे द्रव या हिशेबात येतच नाहीत, आणि तेच आठवडेच्या आठवडे हळूहळू भिंतीतून सुटत राहतात. शिवाय ‘झीरो’ बहुधा पांढऱ्या बेसला लागू असतं. गडद शेडसाठी मशीनमधून पडणाऱ्या रंगद्रव्यात व्हीओसी असू शकतात. पाण्यातला रंग डब्यात कुजू नये म्हणून आयसोथायझोलिनोन घालतात, त्याची काहींना ॲलर्जी असते. म्हणून डब्यापेक्षा उत्सर्जन चाचणीचा अहवाल मागावा: नमुना बंद कक्षात ठेवून २८ व्या दिवशी हवेत काय उरलं ते त्यात मोजलेलं असतं. वास गेला म्हणजे सगळं गेलं, असं मात्र समजू नका.

आता चैनीबद्दल. चुना मी सुचवतो तो परंपरेच्या प्रेमापोटी नाही (भट्टीत चुनखडी भाजताना भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भिंतीवर सुकताना त्यातला फक्त काही भाग परत शोषला जातो, हेही खरं). मी तो सुचवतो कारण त्यात बाहेर पडण्यासारखं सेंद्रिय जवळजवळ काही नसतं, आणि ताजा असताना त्याच्या क्षारतेत बुरशी तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मुरत गेला की ही ताकद ओसरते, त्यामुळे त्याला बुरशीवरचं कायमचं औषध समजू नये. पोटॅशियम सिलिकेटचा रंगही याच जातीचा. जर्मनीतल्या आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो गिलाव्यावर बसत नाही, गिलाव्याशी जोडला जातो.

पुसण्याचा मुद्दा रास्त आहे. मातीचा गिलावा पाण्याने विरघळतो, मोरीच्या भिंतीला तो लावू नये. जिथे मुलं भिंतीवर चित्रं काढतात तिथे चाचणीत उतरलेलं इमल्शन खुशाल लावा. पण म्हणून सगळ्याच भिंतींना कशाला? झोपायच्या खोलीतली भिंत रोज पुसतं कोण?

माझा खरा आग्रह वेगळाच आहे: रंग निवडण्याआधी भिंत बघा. बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीवर रबरासारखा जाड थर चढवला की पाणी आत कोंडतं, पोपडे सुटतात, बुरशी येते, आणि मग त्यावर मारायला आणखी एक रसायन लागतं. अशा भिंतीवर सर्वात शुद्ध रंगही घरातली हवा बिघडवेल. आधी गळती काढा, भिंत सुकू द्या.

तुमची भिंत आधीच ऑइलपेंटची असेल, तर चुना किंवा सिलिकेट थेट धरणार नाही, जुना थर काढावाच लागेल. तो किती जुना आहे ते आधी विचारा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे तपासून घेतल्याशिवाय रंगाऱ्याला कोरडा पॉलिशपेपर मारू देऊ नका.