स्टेपलर की सुई-दोरा?

ऑपरेशनमध्ये आतड्याची कापलेली टोकं धातूच्या बारीक पिनांनी जोडणाऱ्या स्टेपलरवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘स्टेपलरने जोडलेलं आतडं हाताच्या टाक्यांपेक्षा केव्हाही भक्कम’ हे वाक्य खटकलं. मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, दोन्ही पद्धती जवळून पाहिल्यात. स्टेपलरने वेळ वाचतो आणि गुदाशयाच्या खालच्या भागात, जिथे हात धड पोचत नाही, तिथे तो वरदानच. पण लहान आतडं मोठ्या आतड्याला जोडताना काही अभ्यासांत स्टेपलर सरस ठरला, काहींत नेमकं उलटं. खर्चाचा फरक तर बिल बघितल्यावर कळतोच!

जोड टिकतो तो दोन्ही टोकांना रक्तपुरवठा चांगला असेल आणि ताण नसेल तर. टाका आतड्याच्या भिंतीतल्या सबम्युकोसा (आतल्या अस्तराच्या लगेच खालचा) या थरातून जायला हवा, खरी ताकद तिथे असते. अमेरिकन सर्जन हॉलस्टेडने हे १८८७ मध्येच दाखवलं होतं.

गुदाशयाचा जोड करणारा गोल स्टेपलर गुदद्वारातून बाहेर काढला की त्यात कापलेल्या आतड्याच्या दोन चकत्या येतात. त्या अखंड आहेत ना, हे आमचे सर आधी बघत. मग ओटीपोटात सलाईन भरून गुदद्वारातून हवा सोडायची आणि बुडबुडे येतात का पाहायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो ना, अगदी तस्संच.

लेखात राहून गेलेली एक गोष्ट: खूप खाली जोड असेल तर मल जोडापर्यंत न जाता आधीच बाहेर पडावा म्हणून काही महिन्यांसाठी पोटावर पिशवी लावतात. नातेवाईक ती बघून हादरतात, ‘ऑपरेशन फसलं का?’ विचारतात. फसलेलं नसतं हो, जोडाला विश्रांती दिलेली असते.