काळा घोडाला जाताय? मग कलेकडे पाठ करूनच उभे राहा

फेब्रुवारी आला की मुंबईत काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल आलाच, आणि तुमचे कपडे अजून ठरले नसतील तर अवघड आहे बुवा तुमचं. १९९९ पासून भरतोय, नऊ दिवस असतो, एन्ट्री फुकट. नाटक, नाच, साहित्य, सिनेमा असं बरंच काय काय असतं म्हणे, पण आपल्याला त्यात पडायचं नाहीये, आपण सरळ रॅम्पार्ट रो हा रस्ता गाठायचा जिथे इन्स्टॉलेशन्स, म्हणजे उघड्यावर उभ्या केलेल्या कलाकृती, मांडलेल्या असतात. आणि जायचं ते रविवारी संध्याकाळीच. दादरचा पूल ओस वाटावा अशी गर्दी असल्याशिवाय आपण संस्कृती बघायला आलोय असं वाटतच नाही.

आता समजा समोर प्लास्टिकच्या बाटल्यांचा भलामोठा मासा आहे. शेजारी पाटी असते, समुद्रात कचरा किती झालाय वगैरे लिहिलेली, ती वाचत बसू नका, मागे पन्नास जण उभे असतात. पाटीवर पर्स अडकवा. उन्हातान्हातून आलाय तर आधी पाणी प्या आणि रिकामी बाटली माशाच्या शेपटीशी टेकवून ठेवा, कलाकृतीत तेवढीच भर. मग माशाकडे पाठ, मान तिरकी, नजर लांब कुठेतरी फोर्टच्या दिशेला. फोटो काढायला कोणी नसेल तर कडेला एक दाढीवाला मघापासून ताटकळत उभा असेल, कोणीतरी काहीतरी विचारेल या आशेवर, त्याच्या हातात फोन द्या. मासा बहुतेक त्यानेच केलेला असतो, त्यामुळे फ्रेमिंग बरं जमतं त्याला.

तसे हल्ली आर्टिस्टही शहाणे झालेत. भिंतीवर नुसते दोन पंख काढायचे, मधली परी ज्याची त्याने आणायची. ज्या कामात माणूस उभा करायला जागा नाही ते कितीही भारी असो, त्याच्यापुढे कोणी थांबत नाही, फार तर कोणीतरी टेकतं आणि सँडलचा पट्टा लावतं.

जहांगीर आर्ट गॅलरी? हो हो, आहे ना, १९५२ पासून तिथेच आहे आणि आत जायलाही पैसे पडत नाहीत. पण आत नुसती चित्रंच असतात हो, आणि वर्षानुवर्षं नंबर लावून हॉल मिळालेला एखादा चित्रकार खुर्ची टाकून तुमच्याकडे बघत असतो, फार ऑकवर्ड होतं. वॉशरूमपुरतं जा. पलीकडच्या गल्लीत १८८४ सालचं ज्यूंचं निळं-पांढरं सिनेगॉग आहे, कुर्ता मॅच होत असेल तरच तिकडे वळा, प्रार्थनेची जागा आहे हे वॉचमन सांगेलच.

शेवटी घोडा. चौथऱ्यावरचा हा घोडा २०१७ सालचा, पाठीवर कोणी नाही, म्हणजे इथेही जागा आपल्यासाठीच सोडलेली. जरा लांब उभं राहून बरोबर अँगल लावला की तुम्ही घोड्यावर बसल्यासारखे दिसता, ट्राय करा. ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडलं तो बघायचा हट्टच असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जावं लागेल, १९६५ मध्ये तिकडे हलवला त्याला. रांग अजिबात नसते, सगळी रांग पेंग्विनला. पण एक सांगून ठेवतो, त्या घोड्यावर इंग्रजांचा राजा सातवा एडवर्ड अजून बसलेला आहे, उठायचं नाव घेत नाही, तेव्हा तुमची काही सोय होणार नाही तिथे.