आधी ‘होय’, मग सोय

अभिनंदन! गुलाल धुऊन झाला असेल, हारांचा ढीग म्हशीपुढे टाकून झाला असेल, तर जरा इकडे बसा. तुम्ही पहिल्यांदाच आमदार म्हणून निवडून आलात, तेव्हा ऊर्जा विभागाच्या पुरवणी मागण्यांवर बोलायला पक्ष तुमचंच नाव देणार, हे लिहून ठेवा. ज्येष्ठ मंडळी ऊर्जेवर बोलायचं टाळतात. त्यांना मागचं आठवत असतं, आणि ऊर्जेच्या चर्चेत मागचं आठवण्याइतकं गैरसोयीचं काही नाही.

पहिला शब्द पाठ करा: लवचिकता. घरी आपण याला ‘ह्याची टोपी त्याला’ म्हणतो. सभागृहात म्हणायचं, ‘अध्यक्ष महोदय, ऊर्जा प्रकल्पांची निकड लक्षात घेता खर्चात लवचिकता ठेवणे क्रमप्राप्त आहे.’ ‘क्रमप्राप्त’वर किंचित थांबा, मागची बाकं वाजतील. वाजवणाऱ्यांना आपण कशासाठी वाजवतोय हे ठाऊक नसतं. तुम्हालाही नसलं तरी अडत नाही.

यात नियमाबाहेर काही नाही, घाबरू नका. संविधानाचा अनुच्छेद २०५ आहे ना. मंजूर रक्कम अपुरी पडली, किंवा अर्थसंकल्पात नसलेल्या नव्या बाबीवर खर्चाची गरज वर्षाच्या मध्येच निर्माण झाली, तर सरकारनं पुरवणी मागणी घेऊन विधिमंडळापुढे यावं, असं तो सांगतो. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पूर, भूकंप, दुष्काळ असले प्रकार असावेत. भोळी माणसं! आपल्याकडे गरज कशी निर्माण होते ते पाहा. २०२४ मध्ये २८ जूनला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. बोटं मोजा. पहिला दिवस धरून बरोबर बारावा. म्हणजे बाळाचं बारसं व्हायच्या मुहूर्तावरच ‘अंगडं अपुरं पडतंय’ म्हणून नवं कापड आणलं. (त्यातला २५ हजार कोटींचा घास लाडक्या बहिणीचा होता, ऊर्जा विभाग एकटाच पंगतीला नव्हता, हे न्यायाला धरून सांगतो.) पुढे डिसेंबरात नागपूरला आणखी ३५,७८८ कोटी. या दोन खेपांचीच बेरीज १ लाख ३० हजार कोटींच्या वर जाते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तर पहिल्याच दिवशी, ३० जूनला, ५७,५०९ कोटींच्या मागण्या पटलावर होत्या. हिवाळ्यात संत्रा बर्फी आणि पुरवणी मागण्या, ही नागपूरची दोन्ही वैशिष्ट्यं तुम्हाला लवकरच आवडू लागतील.

आता कुणी खवचट पत्रकार विचारेल, ‘अहो, मार्चमध्ये किंवा जूनमध्ये जे कळत नव्हतं ते पंधरवड्यात कसं कळलं?’ उत्तर द्यायचं नाही. ‘शेतकऱ्यांच्या प्रश्नाचं राजकारण करू नका’ एवढं म्हणून लिफ्टकडे चालू लागायचं.

खरं तर, तुमच्या-माझ्यात म्हणून सांगतो, विजेच्या खर्चात थोडी लवचिकता लागतेच. पाऊस कमी झाला की कोयनेच्या पाण्यावर ताण येतो. पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णा लवादानं ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिलेली, आणि खाली सांगलीपर्यंत पिण्याचं आणि शेतीचं पाणी मागायला लोक उभे. मग संध्याकाळच्या मागणीला महागडी वीज बाहेरून घ्यावी लागते. कोळसा भिजतो, रेल्वेचे रेक वेळेवर येत नाहीत, उन्हाळा महिनाभर आधी तापतो. हे सगळं फेब्रुवारीत बसून कुणालाच पैशापर्यंत सांगता येणार नाही. पण हे कारण सभागृहात चुकूनही देऊ नका. खरं कारण दिलं की लोक त्याचा हिशेब मागतात. शिवाय त्यासाठी लागणारी लवचिकता फार छोटी भरते, आणि आपल्याला हवी असते ती मोठी.

मोठी कशी असते ते कृषिपंपांवरून शिका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना २०२४ मध्ये आली. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटींच्या आसपास भार, मुदत मार्च २०२९ पर्यंत. आता पाच वर्षं चालणारी, लाभार्थी मोजलेली, रक्कम ठरलेली गोष्ट ‘अनपेक्षित’ कशी म्हणायची, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडू देऊ नका. डिसेंबरातल्या मागण्यांत याच सवलतीसाठी रक्कम मागताना कुणालाही तो पडला नव्हता. लग्नाची तारीख पंचांगात पाहून ठरवायची आणि आदल्या रात्री वाण्याकडे जाऊन ‘अचानक निघालं हो’ म्हणत उधारी मांडायची, अशी ही रीत. वाण्यालाही सवय झालेली असते.

इथे एक कलम तुमच्या कानावर असू द्या, म्हणजे कुणी काढलंच तर दचकणार नाही. वीज कायदा, २००३, कलम ६५. राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यावी, असं ते म्हणतं. आगाऊ! हसू आवरा, कॅमेरे चालू असतात. आगाऊ म्हणजे काय याचा आपल्याकडचा अर्थ बाळबोध नाही. महावितरण तुमच्या-आमच्या बिलातून वीज शुल्क गोळा करते, ते सरकारचं. सरकार शेतकऱ्याच्या वतीनं सवलतीची रक्कम महावितरणला देणं लागतं. मग हे त्यात वळतं करून घ्यायचं. कपाटातली एकही नोट जागची हलत नाही, तरी सरकारच्या वहीत एकीकडे महसूल जमा होतो, दुसरीकडे अनुदान खर्ची पडतं आणि शेतकऱ्याला मदत केल्याचं पुण्यही लागतं. इतकी लवचीक वस्तू तुम्ही सर्कशीत तरी पाहिलीत का?

आणि वापर किती झाला, हे विचारणाऱ्याला तर आधी चहा पाजा. लाखो पंपांना मीटरच नाही, त्यांचं बिल अश्वशक्तीवर निघतं. मीटर नाही म्हणजे वापर अंदाजानं, वापर अंदाजानं म्हणजे अनुदानही अंदाजानं. शेतीच्या नावावर दाखवलेल्या विजेत गळती आणि चोरी किती लपली आहे, यावर ग्राहक संघटना वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं भांडत आल्यात. भांडू द्या. दोन्ही बाजूंकडे अंदाजच आहे, आणि आपला अंदाज छापील असतो.

आता तुमच्या भाषणाकडे येऊ. पाच मिनिटं मिळतील, त्यातलं एक मिनिट मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्र्यांच्या आभारात जाईल. उरलेल्या चारांत आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. मागण्यांचं पुस्तक जाडजूड असतं, त्यात २८०१ वीज, ४८०१ वीज प्रकल्पांवरचा भांडवली खर्च, ६८०१ विजेसाठी कर्जं अशी लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या खात्यांचे क्रमांक, असतात. २८०१ मधला पैसा अनुदानात विरतो आणि ४८०१ मधल्या पैशातून काहीतरी उभं राहायला हवं असतं, एवढा फरक ज्याला कळला त्याची झोप गेली. तुम्ही सरळ आपल्या तालुक्यातल्या डीपीवर या. फक्त सभागृहात तिला ‘रोहित्र’ म्हणा. ‘अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात रोहित्रं जळाली आहेत.’ राज्याच्या ऊर्जा खर्चावरची चर्चा अशी दोनशे अठ्ठ्याऐंशी रोहित्रांत विभागली गेली की वित्त विभागाचे अधिकारी गॅलरीत निवांत पेपर वाचू शकतात. त्यांचेही आशीर्वाद लागतात, विसरू नका.

विरोधात बसायची पाळी आली तर? तर याहून सोपं. कपात सूचना द्या. संसदीय परंपरा मोठी गमतीची आहे. धोरणच मान्य नसेल तर ‘मागणी एक रुपयावर आणा’ म्हणायचं आणि नुसतं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर शंभर रुपये कमी करायला सांगायचं. हजारो कोटींतून शंभर रुपये! भाषणात ‘आर्थिक शिस्त’, ‘राज्य कर्जाच्या खाईत’ आणि ‘दिवाळखोरी’ हे तीन शब्द आलेच पाहिजेत. हे भाषण जपून ठेवा, फाडू नका. सत्ता बदलली की समोरच्या बाकांवरची मंडळी तुमच्याकडून ते मागून नेतात आणि आपलं ‘क्रमप्राप्त’ तुम्हाला देतात. गेल्या काही वर्षांत इतक्या मंडळींनी इतक्या वेळा बाकं बदलली की दोन्ही भाषणं एकाच खिशात ठेवलेली बरी.

मग येते मतदानाची वेळ. वेळ संपत आलेली असते, बऱ्याच विभागांवर चर्चा व्हायचीच राहिलेली असते, वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत, कुणीतरी फलक धरून उभं असतं. अध्यक्ष भराभर वाचतात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय! प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. होयचे बहुमत आहे, मागण्या मंजूर. एकेका ‘होय’मध्ये किती हजार कोटी बसतात ते मोजू नका, दम लागेल. आपण फक्त सूर लावायचा.

एवढं करूनही हात आखडता वाटला, तर इतर सोयी आहेत. अधिवेशन नसेल तर आकस्मिकता निधी आहे. तो लहान वाटला तर अध्यादेश काढून त्याची मर्यादा तात्पुरती वाढवता येते. एका बाबीवर पैसे उरले आणि दुसरीवर हवे असले तर पुनर्विनियोजन. बाब नवी असली तर नाममात्र रकमेची टोकन मागणी टाकायची: हजार रुपये मंजूर करून घ्यायचे आणि दार उघडं झालं की बचतीचा हत्ती आत सोडायचा. प्रकल्प रखडून खर्च वाढला तर सुधारित प्रशासकीय मान्यता, लाडानं ‘सुप्रमा’. नाव कसं गोड, एखाद्या सोज्ज्वळ मुलीचं असावं तसं. या घरात सुप्रमा एकदा आली की धाकट्या बहिणीही येतात. दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा.

आणि हे सगळं ज्याच्यापुढे पोरखेळ, ती म्हणजे हमी. हमीला आज एक रुपया लागत नाही. अर्थसंकल्पात ती खर्च म्हणून दिसत नाही, पुरवणीत येत नाही, कुणी ‘होय’ म्हणायचीही गरज पडत नाही. नुसती सही. ज्येष्ठांना आठवतं म्हणालो ते हेच. दाभोळ. १९९३ मध्ये तिथल्या वीज प्रकल्पासाठी अमेरिकेच्या एन्रॉनच्या कंपनीशी वीज खरेदीचा करार झाला आणि राज्य वीज मंडळाच्या बिलांमागे राज्य सरकार हमीदार म्हणून उभं राहिलं. १९९५ च्या निवडणुकीत तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या, सरकार बदललं, करार रद्दही झाला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि बुडवलेला प्रकल्प २,०१५ मेगावॅटचा २,१८४ मेगावॅट होऊन वर आला. समुद्राचं पाणी मानवलं असावं. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये विजेच्या दरावरून आणि थकलेल्या बिलांवरून सगळं बंद पडलं, आणि तोवर जिची कुणाला आठवण नव्हती ती हमी वसुलीला दारात उभी राहिली. तेव्हा ‘हमी कुणी दिली’ यावर जी चर्चा रंगली, ती हमी देताना झाली असती तर किती कंटाळवाणी झाली असती! म्हणून लवचिकतेचा नियम असा की चर्चा नेहमी नंतर ठेवावी. नंतर ती रंगते.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचं काय, असं विचारताय? कॅग लिहिते. वर्षानुवर्षं लिहिते. अमक्या विभागानं पुरवणी मागणी घेतली, पण मूळ तरतूदसुद्धा पूर्ण खर्च झाली नाही, पुरवणी अनावश्यक होती. तमक्यानं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे काढले. हा अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, जेव्हा तुमची बॅग भरून झालेली असते आणि आमदार निवासाच्या खाली गाडी चालू असते. प्रत मात्र घ्या. कागद चांगला असतो.

गाडीत बसलात की फोन येईल. गावची डीपी जळालीय, चार दिवस झाले, ज्वारी वाळतेय. (तुमच्या भाषणातली हीच ती, फक्त आता तिला रोहित्र म्हणू नका, कुणाला कळायचं नाही.) तुम्ही लगेच महावितरणच्या साहेबांना लावाल. ते अदबीनं सांगतील, ‘आमदारसाहेब, ट्रान्सफॉर्मर आहे, ऑइल नाहीये.’ तुम्ही म्हणाल, परवाच तर एवढ्या मागण्या मंजूर केल्या! ते म्हणतील, ‘हो साहेब, पाहिलं टीव्हीवर. छान बोललात. पण ते लेखाशीर्ष वेगळं, ऑइलचं वेगळं. तिकडचं इकडे करता येत नाही.’ त्यांच्यावर चिडू नका, ते नियमानं बोलताहेत.

तोवर गावात पारावर वही निघालेली असेल. डीपीवरच्या प्रत्येक पंपामागे पाचशे, टेम्पोचं भाडं वेगळं. पावती मिळत नाही. तुमच्या वडिलांनी सकाळीच दिलेत.